बकासूरच्या रक्ताचा गोऱ्हा

मी बकासूरचा चाहता होतो आणि आजही आहे. बकासूर हा पुण्याजवळच्या सूसचा शर्यतीचा खिल्लार बैल. २०२३ साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांनी 'रुस्तम-ए-हिंद' मैदान भरवलं. तिथं बकासूरनं बक्षिसाची थार गाडी मारली, तेव्हा इकडं लातूर जिल्ह्यातल्या जळकोटात मी पेढे वाटले. त्या बैलाला मी कधी हात लावलेला नाही. आमची सगळी ओळख मोबाइलमधली. तरी या नादापायी मी जे केलं ते माझ्या दावणीच्या जनावरांना भोवलं. ते कुठंतरी सांगून टाकावं म्हणून लिहितो आहे.

आमच्या बालाघाटाच्या मुरमाड रानात खिल्लार फारसा नसायचा. इकडची जनावरं दोनच, आमच्याच लातूर जिल्ह्यातली देवणी आणि शेजारच्या नांदेडातली लाल कंधारी. दोन्ही कष्टाळू. देवणी दूधही देते आणि नांगरही ओढते. शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, आम्ही म्हाताऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेला, कारण माझ्या ऐन उमेदीच्या वर्षांत शर्यतींवर बंदी होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी मैदानं खुली व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. पुढं १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला.

बंदी उठली आणि मोबाइलवर लाईव्ह सुरू झालं. आपल्याकडच्या पटात जोडी घड्याळावर पळते, सेकंदाच्या हिशेबात निकाल लागतो. सांगली-साताऱ्याकडं एका फेरीत अनेक छकड्या सुटतात, प्रत्येकीला आपला तास, म्हणजे पळायची पट्टी, ठरलेला. आधी गट, मग सेमी, मग फायनल. झेंडा पडला की धुरळा, आणि समालोचकाचा श्वास संपायच्या आत निकाल. ही सगळी भाषा मला पाठ झाली. मथूर हा दुसरा नावाजलेला बैल भारी का बकासूर भारी यावर पारावर रात्र रात्र भांडणं झाली. सोयाबीनला फवारा मारायच्या दिवशी पंप बांधावर ठेवून मी फायनल बघत बसायचो. अळीला काही फायनल नसते, तिनं आपलं काम केलं.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच. शर्यत बघून बैलातलं कळतं, असं मला वाटायला लागलं.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं गोऱ्हा दाखवला. पांढराशुभ्र, लांब तोंडाचा, शिंगं मागं गेलेली. "बकासूरच्या रक्ताचा आहे, अजून आदत आहे," तो म्हणाला. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला. पुरावा म्हणून त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत बकासूर होता, बाजूला कुणीतरी माणूस होता. गोऱ्हा नव्हता, त्याची आई नव्हती. मी फोटोच बघत राहिलो. रुमालाखाली बोटं धरली गेली आणि ऐंशी हजारांना सौदा ठरला. बकासूरच्या मालकांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. कुठल्याही नावाजलेल्या बैलाचं नाव असं बाजारात फिरत असतं, आणि माझ्यासारखे लोक असतात म्हणूनच ते फिरतं.

पैशासाठी मी दुभती वानेरा गाय विकली. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असलेली देवणी. घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी संध्याकाळी रिकामी दावण बघितली आणि एवढंच विचारलं, "आता चहाला दूध कोण देणार हाय? बकासूर?"

गोऱ्हा घरी आणल्यावर काही दिवसांनी त्याचं पोट बिघडलं म्हणून जनावराच्या डॉक्टरांना बोलावलं. तपासता तपासता त्यांनी सहज त्याचा खालचा ओठ दाबला. जनावराला पुढचे दात खालीच असतात. मधले चार दात रुंद, पिवळसर, पक्के. कडेचे बारके, दुधाचे. "हा चौसा आहे. तीन वर्षांच्या आसपासचा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी शेपटीवरून हात फिरवला आणि मध्यावर थांबले. माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली सुपारीएवढी गाठ होती आणि तिथून शेपूट किंचित वाकडी झाली होती. कुणीतरी त्याला पळवताना शेपूट पिरगाळून हाड मोडलेलं होतं. म्हणजे हा गोऱ्हा कुणाच्या तरी मैदानात आधीच पळून, कमी पडून, टाकून दिलेला. इतक्या शर्यती बघून मला दात बघायचं सुचलं नाही की शेपटीवर हात फिरवायचं.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण ऐंशी हजार अंगात भिनलेले होते. मी एक जुनी छकडी आणली आणि गोऱ्ह्याला घरच्या देवणी बैलाबरोबर जुंपलं. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी. खिल्लार सुटला की उधळायचा आणि देवणी त्याच्या मागं ओढला जायचा. जू तिरपं होऊन सगळा भार देवणीच्या मानेवर यायचा. मी छकडीवरून ओरडत होतो आणि देवणी वेग धरेना, म्हणून मी त्याची शेपूट पिरगाळली. जी गाठ बघून डॉक्टरांपुढं मी मान खाली घातली होती, तेच मी माझ्या हातानं, लहानपणापासून पाळलेल्या बैलाला केलं. यावर माझ्याकडं काही सबब नाही. शर्यतीला परवानगी देणारा कायदाच जनावराला इजा झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. माझ्या पडीक रानात बघायला कोणी नव्हतं, एवढंच.

देवणीची मान सुजली, खांदा आला. मृगात पेरणीला तो उभाच राहिला नाही. ट्रॅक्टर भाड्यानं लावून पेरणी उरकली.

त्याच काळात भाळवणीचा तो व्हिडिओ पुन्हा बघितला. थार बकासूरनं मारली, असं मी गावभर सांगत होतो. खरं म्हणजे थार बकासूर आणि महिब्या या जोडीनं मारली. छकडीला बैल दोन लागतात. त्यांची उंची, पळ आणि स्वभाव जुळवायला कितीतरी दिवस जातात. झेंड्यापासून पुढचं आम्ही बघतो. त्याच्या आधीचा खुराक, रोजची चाल, पाण्यात पोहवणं, मैदानानंतरची विश्रांती यांचं लाईव्ह कुणी करत नाही. दुसऱ्या बैलाचं नावसुद्धा मी विसरून गेलो होतो आणि घरी जोडी जुंपायला निघालो होतो.

रक्ताचा मुद्दाही तसाच. घोड्यांच्या शर्यतीत तो निदान कागदावर असतो. पुण्यात शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद ठेवणारी संस्था आहे. तिथं प्रत्येक शिंगराचे आईबाप डीएनए तपासून लिहिले जातात. नोंद नसलेला घोडा मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर पळूच शकत नाही. एवढं करूनही रक्ताची खात्री नसते. अमेरिकेतल्या सेक्रेटेरिएट घोड्यानं १९७३ मध्ये बेलमाँट शर्यत घोड्याच्या ३१ लांबींनी जिंकली. त्याला पुढं शेकडो शिंगरं झाली, त्यातली काही चांगली निघाली, पण त्याच्या तोडीचं एकही निघालं नाही. आमच्या बैलबाजारात तर अशी नोंदवही नाही आणि तपासणी नाही. सगळा मामला व्यापाऱ्याच्या तोंडी आणि मोबाइलमधल्या फोटोवर.

गोऱ्हा मी पुढं विकला. घेणाऱ्याला दात उघडून दाखवले, शेपटीची गाठ दाखवली आणि रक्ताबद्दल काही बोललो नाही. निम्मे पैसेही आले नाहीत. तो आता एका ऊसवाल्याकडं गाडीला आहे, पळवत नाहीत असं कळलं. गाय परत मिळाली नाही. देवणी बरा झाला, पण अजून मी मागून गेलो की शेपूट आत घेतो.

शर्यत बघू नका, असं मी सांगणार नाही. मीही बघतो, फक्त फवारणी उरकून. पण नावाजलेल्या बैलाच्या नावावर गोऱ्हा घ्यायला निघाला असाल, तर त्याची आई ज्या दावणीला आहे तिथं जाऊन बघा. जनावराचा डॉक्टर सोबत न्या, दात उघडा, शेपटीवरून, खांद्यावरून, खुरांवरून हात फिरवा, आणि कबूल केलेलं पावतीवर लिहून घ्या. व्यापारी यातलं एकही करू देत नसेल तर इसार देऊ नका. आणि घरातली दुभती गाय विकून शर्यतीचा बैल घेऊ नका, कोणाच्याही रक्ताचा असला तरी.