मनकवडे आणि तांब्याचं नाणं

'मनकवडा' हा आपल्या मराठीतला मोठा लोभस शब्द. दुसऱ्याच्या मनातलं न सांगता ओळखतो तो मनकवडा, आणि आपल्याकडे त्याचं कौतुकच होतं. पण गेली पाच वर्षं दर शनिवारी मी मंडळातल्या मुलांसाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ चालवतो, आणि तिथे मनकवडा म्हणजे शुद्ध डोकेदुखी!

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि 'डंजन मास्टर' गोष्ट पुढे नेतो. अडेल तिथे फासे टाकायचे. आमच्या बेसमेंटमध्ये मास्टरकी माझ्याकडे. आठवडाभर ऑफिसात सर्किटं, शनिवारी राक्षस. फरक फारसा नाही.

आता समजा, गावच्या कोठारातलं धान्य चोरीला गेलंय. चोर सापडायला तीन शनिवार लागावेत अशा बेताने मी गोष्ट रचतो, आणि पहिल्याच तासाला एक पोरगा म्हणतो, "काका, मी कोठारवाल्याचं मन वाचतो!" संपली की गोष्ट!

अशा वेळी पळवाटा पुष्कळ. नियमाप्रमाणे शिशाचा पातळ पत्रा आड आला तर हा मंत्र चालत नाही. एकदा ठीक आहे हो, पण गावातला जो तो शिशाची टोपी घालून हिंडू लागला तर मुलं काय म्हणतील? मंत्र त्यांनी हक्काने मिळवलेला असतो.

त्यापेक्षा नियम नीट वाचावा. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत हा 'डिटेक्ट थॉट्स' मंत्र जास्तीत जास्त एक मिनिट टिकतो. तो तोंडाने म्हणावा लागतो, हातवारे करावे लागतात, जवळ तांब्याचं नाणं लागतं. म्हणजे चारचौघांत गुपचूप उरकणं कठीण. आधी कळतात ते फक्त वरवरचे, त्या क्षणीचे विचार. खोल शिरायचं तर समोरच्याला फासा टाकून प्रतिकार करता येतो. आणि तो हरो वा जिंको, कुणीतरी मनात घुसतंय हे त्याला समजतंच.

म्हणून मी उत्तर खरं देतो, पण माणसाच्या मनात असतं तसं देतो. "किल्ल्या कुठे ठेवल्या? गुडघा ठणकतोय. यांना बहिणीचं कळलं तर?" झालं! सगळी फौज बहिणीच्या मागे. वास्तविक तो विधवा बहिणीला मूठ-पसा धान्य लपवून देत असतो. मोठी चोरी भलत्याचीच. आम्हा इंजिनियरांना हे रोजचंच. मीटरचं रीडिंग बरोबर असतं, घोटाळा आपण काढलेल्या निष्कर्षात असतो.

खरा पेच निराळाच. गेल्या हिवाळ्यात आमच्यात एक तेरा वर्षांची मुलगी आली, पुण्याहून नुकतीच आलेली, अबोल. तिचं पात्र धनुर्धारी. एका शनिवारी दुसरा खेळाडू म्हणाला, "ही कधी काही बोलतच नाही. मी हिचंच मन वाचतो." ती एकदम टेबलाकडे बघायला लागली.

कोठारवाल्याचं मन मी रचलेलं. त्यात काय आहे ते मी सांगू शकतो. धनुर्धारीचं मन तिचं. मी तिलाच विचारलं, "वाचू द्यायचंय का?" ती म्हणाली, "नाही." म्हटलं, "मग मंत्र लागला नाही." फासे टाकलेच नाहीत. तेव्हापासून आमचा नियमच झाला: सोबत्याचं मन त्याच्या परवानगीशिवाय वाचायचं नाही, आणि परवानगी दिली तरी काय सांगायचं ते तोच ठरवणार.

तीन आठवड्यांनी, गोष्टीत सगळे शेकोटीभोवती बसलेले असताना धनुर्धारी आपणहून म्हणाली, "मला माझ्या गावी परत जायचंय." टेबलावर कोणी काही बोललं नाही. मग मंत्र टाकणारा तोच पोरगा म्हणाला, "आम्ही येऊ तुझ्याबरोबर."

त्या रात्री आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हा नियम वरच्या मजल्यावर पण लागू आहे का?" त्याची आई ताडकन म्हणाली, "आईला मंत्रही लागत नाही आणि नाणंही लागत नाही!"

मी मात्र त्याच्या दारावर टकटक करून थांबतो. उत्तराला तीन शनिवार लागले तरी चालतील.