वर्ध्याची थंडी आणि इंजिनातले तेल

वाचकहो, वर्धा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मे महिन्याचे ऊन येईल. पण या जिल्ह्यातली पौषातली पहाटही एकदा अनुभवावी. पारा कधी 10 अंशांच्या खाली उतरतो, शेकोट्या पेटतात आणि फडताळातले खोबरेल पांढरे घट्ट होऊन बसते.

अशाच थंडीत मी कारंजा (घाडगे) भागात निघालो होतो. वर्ध्याला एस.टी.ला अवकाश होता म्हणून मगन संग्रहालयात गेलो. गांधीजींनी 1934 साली स्थापलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे हे ठिकाण. संग्रहालय 1938 सालचे. येथील मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलाची लाकडी घाणी सुधारली आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणून नावाजली. बाहेर पडलो तरी मनात तेलच घोळत होते. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजू लागते, पण आपल्या विदर्भातले जवसाचे तेल शून्य अंशालाही वाहते. थंडी एकच, पण तेलातेलाची तऱ्हा निराळी.

आर्वीच्या पुढे संत्र्याच्या बागा पाहत मुक्कामी पोहोचलो. पहाटे यजमानांच्या विहिरीवर गेलो, तर बापलेक जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारून घामाघूम झालेले. वीज आदल्या दिवसापासून गेलेली. गव्हाला एकविसावा दिवस. मुकुटमुळे फुटण्याची हीच वेळ. या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात.

“साहेब, तेल गोठलं जी. थोडं डिझेल टाकून पातळ करतो,” वडील म्हणाले.

“बाबाजी, तसं करू नका. इंजिन तापलं की ते तेल पाण्यासारखं होईल आणि बेअरिंग जाईल.”

आम्ही इंजिनातले तेल डब्यात काढले, झाकण लावून डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला आणि कोमट तेल परत भरले. डीकॉम्प्रेशनची कळ उघडी ठेवून आधी दहा-बारा फेरे नुसतेच फिरवले, म्हणजे तेल आत पोहोचते. मग इंजिन लागले आणि पाणी दांडाला आले.

त्या रात्री आम्ही दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत इंजिनाचे साधे 40 नंबरचे तेल, दुसरीत ट्रॅक्टरचे 15डब्ल्यू-40. दोन्हींत थोडी जागा मोकळी ठेवून बुचे लावली आणि बाटल्या अंगणात ठेवल्या. पहाटे एकदमच उलट्या केल्या. ट्रॅक्टरच्या तेलात हवेचा बुडबुडा आधी वर गेला. साध्या तेलात मागे रेंगाळला. तुम्हीही मुलांना हा प्रयोग दाखवा.

याचे कारण असे. शेवटचा 40 आकडा तेल 100 अंशांना तापल्यावर किती दाट राहते ते सांगतो. तिथे दोन्ही तेले सारखीच. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत कमी दाटते. साधे 40 नंबरचे तेल 10 अंशांना तापल्या वेळेपेक्षा पन्नास पटींहून अधिक दाट असते; 15डब्ल्यू-40 त्याच्या साधारण निम्मे.

म्हणून ‘जाड तेल तेच दमदार’ हा समज सोडा. बोटावर तेल चोळून पारख होत नाही. गिअर तेलाच्या डब्यावर 90 आकडा असतो, पण तो वेगळ्या मापाचा. ते इंजिनात ओतू नका. पुस्तिकेत मुभा असेल तर हिवाळ्यात डब्ल्यूचे तेल वापरा. इंजिन लागताच भार देऊ नका, दोन-तीन मिनिटे हळू चालू द्या. इंजिनाखाली जाळ कधीच करू नका. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट वाचेल.

निघताना बाबाजींच्या घरून जवसाच्या तेलाची बाटली मिळाली. पहाटेच्या गाडीतही ती खळखळत होती.