टांचणीचें भोंक

छंद हा मोठा लबाड प्राणी आहे. तो घरांत शिरतो तेव्हां मांजराच्या पिलासारखा निरुपद्रवी दिसतो; आणि पुढें एके दिवशीं पाहावें तों घरांतल्या सर्वांत चांगल्या खुर्चीवर तोच पसरलेला असतो व घरधनी बिचारा कोंपऱ्यांत उभा असतो! आमच्या घरांत हा प्राणी आला तो बुटांच्या एका जुन्या खोक्यांत बसून.

गेलीं कित्येक वर्षें मी नोकरीनिमित्त अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं राहत आहें. मिशिगन सरोवराच्या कांठच्या या गांवीं हिवाळा लांबतो, आणि तो संपला म्हणजे लोक आपापलीं घरें झाडावयास घेतात. गेल्या वर्षीं अशाच झाडलोटीच्या दिवसांत आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ आमच्या दाराशीं आले. वय पंचाहत्तरीच्या पुढें. घरांत दुसरें माणूस नाहीं. हातांतलें खोकें माझ्या अकरा वर्षांच्या मुलापुढें धरून ते म्हणाले, "हें तुला. माझ्या थोरल्या भावाचें आहे. मी गेल्यावर हें कचऱ्याच्या गाडींत जाणार. त्यापेक्षां तुझ्याजवळ राहूं दे."

खोक्यांत बेसबॉल खेळाडूंचीं जुनीं कार्डें होतीं. तीं पाहतांच मला माझें बालपण आठवलें. आम्ही पुण्यास लहान असतांना च्युइंगमच्या वेष्टनांत क्रिकेटपटूंचीं चित्रें निघत. चघळतां चघळतां जबडे दुखून येत, पण हवा तो खेळाडू कांहीं निघत नसे! मीं मोठ्या कष्टानें साठ-सत्तर चित्रें जमविलीं होतीं. एका मे महिन्यांत मी आजोळीं गेलों असतां आईनें कपाट आवरलें आणि तीं सारीं रद्दीवाल्याच्या तराजूंत घातलीं. परत आल्यावर मीं जो आकांत मांडला तो पाहून ती माउली खरोखरच चकित झाली. "अरे, कागदच ना तो?" असें ती म्हणाली. त्या प्रश्नाला तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कळलें कीं, अमेरिकेंतल्या आयांनींही आपल्या मुलांच्या बाबतींत अगदीं हाच न्याय केला होता. आणि या छंदांतला पैसा पुष्कळसा त्या आयांच्याच कृपेनें उभा राहिला आहे.

या कार्डांचा जन्म मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाकिटांतल्या सिगारेटी मोडूं नयेत म्हणून त्यांत जाड कागदाचा तुकडा घालीत. कोरा तुकडा घालण्याऐवजीं त्यावर चित्र छापावें, म्हणजे गिऱ्हाईक बांधलें जाईल, ही युक्ति कोणा चतुर व्यापाऱ्यास सुचली. आणि नट्या, राजे, पक्षी यांच्या जोडीला बेसबॉलपटूही सिगारेटींच्या पाकिटांत जाऊन बसले. १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें काढलेल्या अशा एका मालिकेंत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचें कार्ड होतें. तें छापणें लवकरच बंद पडलें. कोणी म्हणतात, चित्रांच्या मोहानें मुलांनीं तंबाखू विकत घ्यावी हें वॅग्नरला रुचलें नाहीं. कोणी म्हणतात, त्याला त्याचा मोबदला हवा होता. कारण कांहीं असो. आज त्या कार्डाच्या साठाच्या आसपास प्रती ठाऊक आहेत, आणि २०२२ सालीं त्यांतल्या एकीला साडेबहात्तर लक्ष डॉलर मिळाले. सिगारेट मोडूं नये म्हणून घातलेला तो कागद!

दुसरी कथा याहूनही विलक्षण आहे. सिगारेटींची जागा पुढें च्युइंगमनें घेतली. १९५२ सालीं ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें ४०७ कार्डांचा एक देखणा संच काढला. त्याचा शेवटचा हप्ता बाजारांत आला तोंवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता. मुलांचें लक्ष दुसरीकडे लागलें होतें. माल पडून राहिला. कंपनीच्या साय बर्जर यांनीं तो विकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, आणि अखेर १९६० सालीं तीं खोकीं पडावावर लादून अटलांटिक महासागरांत बुडविलीं. त्या हप्त्यांत मिकी मँटल या खेळाडूचें कार्ड होतें. २०२२ च्या ऑगस्टमध्यें त्याच कार्डाची एक उत्कृष्ट प्रत लिलावांत १ कोटि २६ लक्ष डॉलरांना गेली. समुद्रमंथनांतून चौदा रत्नें निघालीं हें आपण ऐकतों. येथें व्यापाऱ्यांनीं रत्नें समुद्रांत टाकलीं, आणि तीं तेथें आहेत म्हणूनच बाहेर उरलेल्या रत्नांस मोल आलें!

हें सारें ज्ञान मला माझ्या मुलानें दिलें. खोकें आल्यापासून त्याची भूक मंदावली आणि विद्वत्ता वाढली. त्याच्याकडून मला कळलें कीं, या कार्डांची परीक्षा करून त्यांना एकपासून दहापर्यंत गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. चारी कोंपरे टोंकदार असले पाहिजेत. कडा शुभ्र असल्या पाहिजेत. चित्र चौकटीच्या बरोबर मध्यावर हवें. पृष्ठभागावर सुरकुती नको, डाग नको, पेन्सिलीची रेघ नको. परीक्षा झाली म्हणजे कार्ड कायमचें प्लॅस्टिकच्या पेटींत बंद होतें, आणि त्यानंतर त्याला मनुष्याचा हात म्हणून लागत नाहीं. आठ आणि नऊ या गुणांमधल्या अंतरांत एखाद्याचें घर बांधून होईल! आतां जेथें कोंपऱ्याला एवढी किंमत तेथें कात्रीही आलीच. वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीच्या कडा आपणच कापून सारख्या केल्या होत्या, असें एका नामांकित लिलाववाल्यानें २०१३ सालीं न्यायालयांत कबूल केलें.

मी हें ऐकत होतों आणि माझ्या मनांत एक विचार घोळत होता. हीं कार्डें कोणासाठीं काढलीं? मुलांसाठीं. आणि मुलांनीं त्यांचें काय केलें? तीं खिशांत कोंबलीं, अदलाबदल केलीं, रबरानें बांधलीं. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानें सायकलीच्या चाकाशीं अडकविलीं, म्हणजे चाकाच्या आऱ्यांवर तीं फडफडून मोटारसायकलीसारखा आवाज निघे. म्हणजे ज्या कार्डावर मुलाचा जीव जडला तें बाजारांतून उठलें, आणि ज्याच्याकडे कोणीही ढुंकून पाहिलें नाहीं तें आज तिजोरींत विराजमान झालें. प्रेमाची खूण तेवढी दोष ठरावी, असा हा विचित्र बाजार आहे.

परंतु या छंदाचा जो आद्य पुरुष त्याची रीत निराळी होती. जेफर्सन बर्डिक हा सिरॅक्यूज गांवचा एक साधा कामगार. लग्न केलें नाहीं. संधिवातानें शरीर जखडलेलें. त्यानें आयुष्यभर छापील कार्डें जमविलीं, त्यांचें वर्गीकरण केलें, त्यांची सूचि प्रसिद्ध केली. आजही संग्राहक त्यानें दिलेल्या खुणांनींच हीं कार्डें ओळखतात. तीन लाखांहून अधिक नगांचा तो संग्रह त्यानें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट दिला. आणि दुखऱ्या बोटांनीं, वर्षानुवर्षें, तो स्वतःच वह्यांमध्यें चिकटविला. होय, चिकटविला! वॅग्नरचें कार्डसुद्धां! १९६३ च्या जानेवारींत तें काम संपलें आणि दोन महिन्यांनीं बर्डिकही संपला. बाजाराच्या हिशेबानें त्यानें लक्षावधि डॉलर खळींत बुडविले. त्याला मात्र तीं चित्रें लोकांनीं पाहावीं एवढेंच हवें होतें.

असो. खोक्याच्या तळाशीं आलेलें एक कार्ड पाहून एके रात्रीं माझा मुलगा ओरडलाच. नारिंगी पार्श्वभूमीवर हसऱ्या चेहऱ्याचा एक कृष्णवर्णीय तरुण. हँक ॲरन! १९५४ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो आमच्या याच गांवच्या संघांत प्रथम खेळला, आणि हें त्याचें पहिलेंच कार्ड. पुढें १९७४ सालीं त्यानें बेब रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम मोडला. तो मोडूं नये म्हणून त्याला द्वेषानें भरलेलीं पत्रें आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. ७५५ होमरन करून तो निवृत्त झाला व २०२१ सालीं वारला. या कार्डाच्या अत्युत्तम प्रतीला तीन लक्षांहून अधिक डॉलर आलेले आहेत.

आमच्या प्रतीचे कोंपरे झिजलेले होते. आणि टोपीच्या किंचित् वर, बरोबर मध्यावर, टांचणीचें एक भोंक होतें. मीं तें कार्ड एका दुकानदाराला दाखविलें. त्यानें भिंग लावून पाहिलें आणि एखाद्या वैद्यानें नाडी सोडावी तसें तें खालीं ठेविलें. "हें भोंक नसतें तर!" तो म्हणाला. तरीसुद्धां हजारेक डॉलर मिळतील असा त्याचा अदमास पडला.

येथून पुढची हकीकत सांगतांना मला थोडा संकोच वाटतो. दोन दिवस मीं शेजाऱ्यांना कांहीं सांगितलें नाहीं. माझ्या अंतरांत एक वकील राहतो. एरवीं तो झोंपलेला असतो, पण अशा प्रसंगीं त्याला फार लवकर जाग येते. तो म्हणाला, "देणगी ती देणगी. खोकें त्यांनीं आपण होऊन दिलें. कचऱ्यांतच टाकणार होते ना? शिवाय या वयांत त्यांना हजार डॉलरांचें काय करावयाचें आहे?" युक्तिवाद बिनतोड होता. तिसऱ्या दिवशीं जेवतांना माझ्या पत्नीनें सहज विचारलें, "त्यांना सांगितलंत ना?" आणि तो सारा खटला तेथेंच निकालांत निघाला.

संध्याकाळीं मुलाला घेऊन मी शेजारीं गेलों. सर्व कांहीं सांगितलें; आंकडाही सांगितला. आंकडा त्यांनीं ऐकलासें वाटलें नाहीं. त्यांनीं चष्मा लावला, कार्ड दिव्याजवळ नेलें, आणि त्या भोंकावरून अंगठा फिरविला. मग हळूहळू बोलूं लागले. भाऊ दहा वर्षांचा असतांना त्यानें हें कार्ड आपल्या पलंगाशेजारीं भिंतीवर टांचलें. गोऱ्या घरच्या मुलानें कृष्णवर्णीयाचें चित्र उशाशीं लावावें हें वडिलांना खपलें नाहीं. त्यांनीं तें काढलें. भावानें पुन्हां लावलें. पुन्हां काढलें, पुन्हां लावलें. "प्रत्येक वेळीं याच भोंकांतून," ते म्हणाले, "म्हणजे ॲरनला आणखी इजा व्हावयास नको!" शेवटीं वडील थकले. १९६६ सालीं तो संघ मिलवॉकी सोडून अटलांटाला गेला. दोन वर्षांनीं भाऊ व्हिएटनाममध्यें मारला गेला. वय चोवीस. त्यानंतर आईनें भिंतीवरचें सारें उतरवून या खोक्यांत भरलें, आणि तें पुन्हां कोणीं उघडलें नाहीं. त्यांनींही नाहीं.

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग ते वृद्ध गृहस्थ, एखाद्या मुलानें दुसऱ्याचें खेळणें मागावें तसे, माझ्या मुलाकडे पाहून म्हणाले, "हें एवढें मी परत घेतलें तर चालेल का रे?"

खोटें कशाला बोलूं? माझ्या काळजांत चर्र झालें. मुलाचाही चेहरा उतरला. तो क्षणभर घुटमळला. मग त्यानें मान हालविली. परत येतांना वाटेंत त्यानें मला एकच प्रश्न केला, "बाबा, ते हें विकणार नाहींत ना?" मीं नाहीं म्हटलें. "मग ठीक आहे," तो म्हणाला. पण तें ठीक व्हावयास त्याला आठवडा लागला, आणि मला त्याहून थोडें अधिक.

पुढें जून महिन्यांत कांहीं कामानिमित्त मी त्यांच्याकडे गेलों होतों. त्यांनीं मला स्वयंपाकघरांत बसविलें आणि कॉफीचें आधण ठेविलें. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारीं, तें नारिंगी कार्ड टांचलेलें होतें. टांचणी नवी होती, भोंक तेंच. खिडकींतून आलेलें ऊन सरळ ॲरनच्या तोंडावर पडलें होतें. माझ्या अंतरांतला वकील ताबडतोब उठून बसला. ऊन लागून रंग उडेल, आधणाची वाफ बसेल, निदान एखादी कांचेची चौकट तरी घ्या, असें सारें त्याला सांगावयाचें होतें. पूर्वीं मीं दोन दिवस तोंड मिटून बसलों होतों तें मिटावयास नको होतें. या वेळीं मात्र मीं तोंड मिटलें तें योग्य वेळीं मिटलें. ते कॉफी घेऊन आले, माझी दृष्टि कोठें लागली आहे तें त्यांनीं पाहिलें, आणि माझ्या समोरची खुर्ची सोडून, जेथून भिंत दिसते त्या खुर्चीवर ते बसले.

आईच्या त्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास आतां आई राहिली नाहीं. असती तर तिला एवढेंच सांगितलें असतें: होय, कागदच तो, पण त्याला भोंक कोणीं पाडलें तें आधीं विचारावें लागतें.