कौलारू घर पाहिजे

निवृत्त माणसाने वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचू नये. 2019 साली मी ते वाचलं. बातमी अशी होती, की इटलीत, सिसिली बेटावरच्या सांबुका नावाच्या गावात ओसाड पडलेली जुनी घरं एका युरोपासून विकायला काढली आहेत. एक युरो म्हणजे तेव्हाचे ऐंशीएक रुपये. विरार स्टेशनाबाहेर तेवढ्यात चार माणसांचा वडापावही धड होत नाही.

मी बातमी मोठ्यांदा वाचून दाखवली. ही मेथी निवडत होती.

"तिथे दूध कोण आणून देणार?" तिने विचारलं. "कौलारू घरच हवंय ना? मग वसईला बघा. बसने जाऊन बसने परत येता येतं."

झालं. दर रविवारी पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन आम्ही रेल्वेच्या पश्चिमेला हिंडू लागलो. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी. एजंटाला मी म्हटलं, "जरा कॅरेक्टर असलेलं घर दाखवा."

तो दुखावला. "साहेब, आपल्याकडे सगळी चांगल्याच कॅरेक्टरची माणसं आहेत!"

आणि त्याने आम्हाला गुलाबी फरशीचा, गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवलेला बंगला दाखवला. त्यानंतर आणखी तीन. गरुड सगळ्यांवर होता.

खरं घर सापडलं ते वाट चुकल्यामुळे. मंगलोरी कौलं, पुढे लांबलचक ओटी, परसात विहीर, आणि वाडीच्या टोकाला बावखल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी रहाट लावून हे पाणी केळी-पानवेलींना देत. समुद्र एवढा जवळ असून इथल्या विहिरी गोड राहिल्या त्या अशा मुरलेल्या पाण्यामुळे. आता बावखल बुजवून वर इमारत उभी करायची रीत आहे. काठाला राजेळी केळींची रांग होती. हिने एकदम माझा दंड धरला. लग्नानंतर तिने असा दंड तिसऱ्यांदा धरला होता. आधीचे दोन्ही प्रसंग लोकलमधून उतरतानाचे.

मालक आजोबा ऐंशीच्या पुढचे. किमतीचं नावही न काढता त्यांनी विचारलं, "बावखल बुजवणार नाय ना?"

"छे हो!"

"सगळे छेच बोलतात." मग त्यांनी कागद आणले. सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली तीन वर गेलेली, एक कॅनडात. सगळ्यांच्या सह्या मिळतील म्हणाले. कॅनडावाला नाताळला येतो, वर गेलेल्यांच्या वारसांशी ते स्वतः बोलणार होते. मी मनातल्या मनात ओटीवर झोपाळासुद्धा टांगला.

"तुमचा शेतकरी दाखला आहे ना?" आजोबांनी विचारलं.

घर गावठाणात नव्हतं, वाडीत होतं. आणि 1948 च्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमाप्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. कलेक्टरची परवानगी वगैरे वाट आहे म्हणतात, पण त्या वाटेने गेलेला माणूस मला अजून परत आलेला दिसलेला नाही.

ही माझ्याकडे पाहायला लागली. मी केळींकडे पाहायला लागलो. कारण आम्ही शेतकरी होतो. देवगडकडे वडिलांच्या नावावर चौदा गुंठे होते, पडकं घरही होतं. 1984 साली विरारला वन रूम किचन घ्यायची म्हणून ते विका, असा त्यांच्या मागे लागलो तो मीच. "तिकडे कोण जाणार आहे आता?" हे माझे शब्द. वडील काही बोलले नाहीत. सही करायला जाताना पेन तेवढं माझं मागून घेतलं.

आजोबांना यातलं काय कळलं कोण जाणे. विषय तिथेच टाकून ते उठले, केळीचा एक मुनवा खणून त्यांनी हिच्या पिशवीत घातला. "येत जा. बघायला दाखला लागत नाय," म्हणाले.

मुनवा आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादलीत लागला. सहा महिन्यांत त्याची पानं वरच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांना टेकली आणि सोसायटीची नोटीस आली: "सदनिकेत शेती करण्यास सक्त मनाई आहे."

हिने ती नोटीस नीट घडी करून फायलीत ठेवली आहे. सेक्रेटरीची सही आहे, शिक्का आहे. तलाठ्याला दाखवून बघू म्हणते.