एका वेळी एकच

आमच्या चिरंजीवांच्या संगणकाला एक चमत्कारिक व्याधी जडली होती. गाणी, चित्रपट, टंकलेखन सारे सुरळीत. पण खेळ सुरू केला, की अर्ध्या तासात पडदा काळा! ‘खेळच भिकार आहे, बाबा,’ असा निकाल देऊन चिरंजीव मोकळे झाले.

माझा संशय ओव्हरक्लॉकिंगवर होता. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा यंत्राला अधिक पळवायचे, असा हा शौक. १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर हौशी मंडळी खुशाल ४५० वर पळवीत! पण दोन प्रोसेसर एकाच नावाचे असले, तरी त्यांची कुवत सारखी नसते. वेगापायी वीज आणि उष्णता वाढते, आणि हिशेबात कुठेतरी चूक होते. हलक्या कामात हे दुखणे लपते. खेळात प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड सारी एकदम राबतात, तेव्हा ते उघडे पडते.

‘अरे, आधी सगळे मूळ वेगावर आण,’ मी म्हटले. तोंड वाकडे करून त्याने आणले. खेळ तीन तास चालला! मग प्रोसेसरचा वेग तेवढा वाढवला, तरी ठीक. नंतर मेमरीचा वाढवून रात्रभर मेमटेस्ट८६ लावले. सकाळी पडद्यावर चुकांची रांग! प्रोसेसर बिचारा निर्दोष सुटला.

वर्गात मूल मागे पडले, की पालक शिकवणी, टॉनिक आणि दटावणी एकदमच सुरू करतात. मग त्याला नेमके काय बाधले, हे कळावे तरी कसे?