पाचवी मात्रा

ऑक्टोबर सरताना गोव्याच्या किनाऱ्यावर हॅलोवीनचे मुखवटे दिसू लागले की जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) चित्रपटातली पियानोची धून आठवते. तिचा ठेका पाच मात्रांचा. तो कार्पेंटरना वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवला होता. कान चार मात्रांवर विसावायला जातो, तेवढ्यात पाचवी येते आणि विसावा हुकतो. संगीत चढवण्यापूर्वी चित्रपट पाहिलेल्या एका स्टुडिओ अधिकारी बाईंना भीतीच वाटली नव्हती, असे कार्पेंटर सांगत. म्हणजे तिथले भय चित्रापेक्षा नादात अधिक आहे. पण ती धून फक्त प्रेक्षकाला ऐकू येते. पडद्यावर जिच्या मागे मारेकरी आहे त्या मुलीला नाही. धोका कळतो, सावध मात्र करता येत नाही. माझ्या मते त्या भयाचे मूळ या एकटेपणात आहे.

सणातले भय आपल्याकडेही आहे, तेही भर चांदण्यात. पेडण्याच्या पुनवेला, कोजागरीला, रवळनाथ-भूतनाथाची तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात आणि भूतबाधा झाली असे मानलेली माणसे तिथे आणली जातात. डिचोली तालुक्यातल्या साळला होळीच्या पुनवेपासून गडे, म्हणजे या उत्सवात अंगात येणारे गावकरी, रात्री डोंगराकडे धावतात; काहींना देवचार, म्हणजे गावाचा राखणदार आत्मा, लपवतो, अशी श्रद्धा आहे. साळच्या या उत्सवात वाजणारा ढोल मात्र धावणारा आणि पाहणारा दोघेही ऐकतात. कोणी म्हणेल, तो देवासाठी वाजतो, भिववण्यासाठी नव्हे. खरे आहे, आणि माझा मुद्दाही तोच. सिनेमात नाद भय निर्माण करतो, साळला तो आधीच असलेल्या भयाला वाट देतो. ढोल नसता तर अंधारातली ती धाव नुसती पळापळ वाटली असती.

याहून गंभीर आक्षेप असा की हे अंधश्रद्धेचे समर्थन झाले. मनाच्या आजाराला डॉक्टरच हवा. कोणताही ढोल त्याची जागा घेऊ शकत नाही आणि पुनवेच्या नावाने उपचार टाळणे हा त्या माणसावर अन्यायच आहे. पण औषधाने आजार आटोक्यात आला तरी घाबरलेल्या माणसाला सोबत लागते, आणि ती आपण हल्ली फार कमी देतो. भयपटदेखील आता कानांत यंत्र घालून, मोबाईलवर, एकट्याने पाहिला जातो. पाचव्या मात्रेला दचकलेला माणूस शेजाऱ्यालाही कळत नाही. म्हणून देवचारावर विश्वास नसलेल्यांनीही साळच्या ढोलाची काळजी करावी, तो वाजवणारे हात पुढच्या पिढीत तयार होतील हे पाहावे. गावाने मिळून घाबरण्याची ती रीत मोडली, तर भय कमी होणार नाही. ते फक्त ज्याचे त्याच्यावर पडेल.