ऐकणाऱ्याचे व्रत

ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे हे आपल्याकडे थोरपणाचे लक्षण मानतात. परंतु ती कोणाच्या हितासाठी ठेवली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पतीच्या मारहाणीने त्रस्त झालेली भगिनी साहाय्य मागावयास येते, तेव्हा तिचे ऐकणाऱ्याची कसोटी याच प्रश्नावर लागते.

आमच्या हैदराबाद नगरीत अशा भगिनींसाठी सोयी नाहीत असे नव्हे. येथील पोलिसांनी २०१६ साली ‘भरोसा’ केंद्र उघडले. समुपदेशन, वैद्यकीय साहाय्य आणि कायद्याचा सल्ला एकाच छताखाली मिळावा, हा त्याचा हेतू. तथापि सोय असणे वेगळे आणि विश्वास वाटणे वेगळे. आपल्या मराठी भगिनींपुढे भाषेचीही अडचण असते. जिला तेलुगू येत नाही आणि उर्दू मोडकीतोडकीच येते, ती दुभाष्या म्हणून शेजारणीला, दिराला, प्रसंगी स्वतःच्या मुलालाच सोबत नेते. मुलादेखत आईने काय सांगावे? दिराच्या तोंडून वहिनीचे दुःख जसेच्या तसे कसे पोहोचावे? म्हणून दुभाष्या घराबाहेरचा असावा आणि समुपदेशकाचे व्रत त्यानेही पाळावे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याखालील नियम या बाबतीत मननीय आहेत. पीडितेने विनंती केल्यास, ती आश्रयगृहात आहे हे तेथील चालकांनी प्रतिपक्षास कळवावयाचे नाही. तसेच समुपदेशनाच्या वेळी आपल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिपक्षास नाही. ‘तिनेच उलट उत्तर दिले’ ही सबब तेथे चालत नाही.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. पुष्कळदा भगिनी प्रथम येते ती धर्मगुरूंकडे, धर्मभगिनींकडे किंवा महिला मंडळातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंकडे. येथे दोन मोह आडवे येतात. पहिला, ‘तिच्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणत तिची कहाणी चार घरी पोहोचविण्याचा. दुसरा, कुटुंबाची अब्रू राखावी म्हणून तिलाच गप्प बसविण्याचा. पहिल्याने गुप्ततेचा भंग होतो. दुसऱ्याने गुप्ततेच्या नावाखाली अन्यायावर पांघरूण पडते. जी गुप्तता तिचे रक्षण करते ती धर्म्य; जी मारणाऱ्याचे रक्षण करते ती नव्हे. केव्हा, कोणापाशी आणि किती बोलावे हे तिने ठरवावयाचे आहे.

विवाहबंधन पवित्र आहे, म्हणून समेट घडविणे हेच आपले कर्तव्य, असे कोणी म्हणतील. समेट आम्हांसही प्रिय आहे. परंतु पतीपासून शरीरास अथवा आत्म्यास गंभीर धोका असल्यास पत्नीने विभक्त राहण्यास ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११५३) संमती देतो. विलंबाने संकट ओढवणार असेल, तर ती स्वतःच्या अधिकारानेही दूर होऊ शकते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात, दुर्बल जोडीदाराच्या वा लेकरांच्या रक्षणार्थ विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे शिकविले आहे. तेव्हा पीडितेला बळेच परत धाडणे हा समेट नव्हे.

एक मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. म्हणून साहाय्य करणाऱ्याने, ‘मी कोणालाही काहीही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. आपण काय गुप्त राखू शकतो आणि काय नाही, हे तिने बोलण्यास आरंभ करण्यापूर्वीच स्पष्ट करावे. मागाहून विश्वास मोडण्यापेक्षा हे प्रामाणिकपणाचे आहे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण वारंवार ऐकतो, पण उतारशाळेच्या रखवालदाराकडे आपले लक्ष जात नाही. जखमी मनुष्य त्याच्या हवाली करण्यात आला, आणि त्याने त्याची काळजी घ्यावी एवढीच अपेक्षा होती. त्या जखमीची हकीगत गावभर सांगण्याचे काम त्याला कोणी दिले नव्हते. बरा होण्याआधी त्याला त्याच वाटेने परत पाठविण्याचेही नव्हते. वाचकहो, आपल्या दारी येणारी प्रत्येक घायाळ भगिनी प्रभूने आपल्या हवाली केलेली ठेव आहे. ती विश्वासाने जपण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो.